रेकॉर्डअण्णा आणि भोक बुजवलेली वाटी

अगं, आधी जवळ ये. तू पुण्यात आणि मी इथं सोलापुरात, शुक्रवार पेठेत, हे मला कळतं. पण वाचताना तरी खुर्ची पुढं ओढून घे, कारण मला तुझा कान धरायचाय. हलकेच धरते. आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला निघालाय, त्याची पानं तू टाईप करतेस, मन लावून करतेस, माझ्या भावाची नात शोभतेस. पण परवा तू मोबाईलवर जे पान पाठवलंस, त्यात माझ्या आजोबांच्या नावापुढं 'व्यवसाय' असा रकाना आहे आणि त्यात तू लिहिलंयस, 'काही नाही'. बाई गं, काही नाही? माणूस सत्तर वर्षं जगला आणि काही नाही?

मी फोन केला तर तू म्हणालीस, "आत्याआजी, समितीच्या नानांनी सांगितलंय, पुरावा असेल तरच लिहायचं." आणि मी सांगायला लागले की तू "हो हो, हो हो" करतेस, पलीकडं तुझा कीबोर्ड वाजत असतो. म्हणून हे लिहून पाठवते. कागदाला मध्येच हो हो म्हणता येत नाही. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

तर अण्णांपासून सुरुवात करते. ते नसते तर मीपण तुझ्यासारखंच 'काही नाही' लिहून मोकळी झाले असते.

आमच्या समोरच्या घरात परवाच्या दिवाळीपर्यंत एक गृहस्थ राहत होते. कुठल्याशा सरकारी कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत सगळी नोकरी गेली, म्हणून गल्लीनं त्यांना नाव दिलं रेकॉर्डअण्णा. बुटकी मूर्ती, पांढरा शर्ट बाहेर सोडलेला, खिशात दोन्ही टोकांनी लिहिणारी लाल-निळी पेन्सिल आणि दोऱ्याला बांधलेलं भिंग. कुठलाही कागद हातात आला की वाचायच्या आधी नाकाला लावायचे. लाईटचं बिलसुद्धा. मी एकदा विचारलं, "अण्णा, बिलाला कसला वास येतो?" तर म्हणाले, "कशाचाच नाही. म्हणूनच टिकणार नाही."

निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, कट्ट्यावर बसतात. अण्णांनी जाडजूड वही शिवून घेतली आणि ते लोकांच्या पणजोबांची कामं शोधायला लागले. नाव नको, गाव नको, आडनाव तर नकोच. फक्त काम. घरात कुणी नवीन माणूस आलं की पाणी द्यायच्या आधी प्रश्न तयार, "तुमचे पणजोबा हातानं काय करायचे?" खरा पुरावा मिळाला की वहीत लाल टोकानं लिहायचे. नुसतं कुणी सांगितलेलं असलं तर निळ्या टोकानं. निळं म्हणजे ऐकीव. ही ऐकीवची सवय इतकी लागली होती की कुणी म्हणालं, "अण्णा, आज लई ऊन हाय," तर हे विचारणार, "ऐकीव की पाहिलेलं?" त्यांच्या बायको, आमच्या काकू, एकदा चिडून म्हणाल्या, "पन्नास वर्षं संसार केला तुमच्याशी. लग्न झालंय हे तरी लाल पेन्सिलीनं लिहा." अण्णा गंभीरपणे म्हणाले, "सर्टिफिकेट कुठंय?" आणि खरंच नव्हतं गं. त्या काळी कोण काढत होतं सर्टिफिकेट? काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अण्णांनी लग्नातली पत्रिका ट्रंकेतून शोधून काढली, भिंगाखाली धरली, वास घेतला, आणि काकूंना वहीतली लाल ओळ दाखवली. काकू मला सांगताना लाजत होत्या.

आता तुला वाटेल असं काम विचारणं म्हणजे जात विचारणं. लोकांनाही तसंच वाटायचं. चहाच्या टपरीवर एकानं अण्णांची कॉलरच धरली होती. "जात काढता काय ओ म्हाताऱ्या?" अण्णा कॉलर सोडवायचा प्रयत्नसुद्धा न करता म्हणाले, "जात तुम्हाला पाठ आहे, मला सांगायची गरज नाही. काम विसरलात तुम्ही, ते विचारतोय." त्या माणसानं कॉलर सोडली, अर्धा चहा संपवला आणि मग हळूच म्हणाला, "आमचे पणजोबा म्हणे विहिरीत पडलेल्या घागरी गळ टाकून काढायचे. माळशिरसच्या बाजूला. चार गावं बोलवायची." अण्णांनी तिथंच टपरीच्या फळीवर वही उघडली. निळ्यानं लिहिलं. घरी आले ते रस्त्यातूनच मला सांगत, "वहिनी, घागरी काढणारा मिळाला. चार गावांचा एक माणूस. बुडालेली घागर आवाजावरून ओळखायचा म्हणे, पितळी का तांब्याची." आणि मीपण भाजी चिरता चिरता उभीच राहिले. असं काही ऐकलं की मला भूक लागत नाही, तुला माहिताय.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानवाल्याची गंमत तर ऐकच. त्याच्या दुकानात काचेत तलवार लावलेली होती. येईल त्या गिऱ्हाइकाला खोकल्याच्या बाटलीबरोबर सांगायचा, आम्ही सरदार घराण्यातले. अण्णांनी सहा महिने कागद उपसले आणि एक दिवस भर दुकानात सांगितलं, "तुमचे पूर्वज मिरवणुकीत होते हे खरं. नगाऱ्याचं कातडं ढिलं पडू नये म्हणून जाळावर शेकून ताणून द्यायचं काम होतं त्यांच्याकडं." दुकानवाला लालबुंद झाला. तीन महिने त्यानं अण्णांना गोळी दिली नाही, त्यांची बीपीची गोळी काकू दुसऱ्या पेठेतून आणायच्या. मग एका दुपारी तो स्वतः आला, चप्पल बाहेर काढली, आणि म्हणाला, "अण्णा, एक सांगा. आमच्या माणसानं शेकला नसता तर?" अण्णा म्हणाले, "तर नगारा वाजला नसता. नुसता ढब ढब."  आता तलवार आहेच काचेत, पण तो सांगताना म्हणतो, आमच्याशिवाय सरदाराची मिरवणूक निघत नव्हती.

माझंपण एकदा भांडण झालं बरं का अण्णांशी. वहीची पानं चाळली तर सगळे पुरुषच. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या हिशेबानं आमच्या पणज्या काय नुसत्या झोपाळ्यावर बसल्या होत्या?" मागावर काम करणाऱ्या घरातली शेजारीण तिथंच होती, ती म्हणाली, "व्हय की. आमच्या अव्वा, म्हंजी पणजी, मागावर तुटलेला धागा सांधायच्या. बोटाला राख लावून असा पीळ द्यायच्या की गाठ दिसायची न्हाय. ते कुणी लिवायचं?" अण्णांनी वही मिटली.  दुसऱ्या दिवशी दुसरी वही शिवून आणली होती आणि पहिल्या पानावर त्या अव्वा होत्या. चूक कळली की माणूस लगेच सुधारायचा. पुरुषांत असं फार कमी बघितलंय मी.

आता आपल्या आजोबांकडं येते. तुला घरातलं काय माहिताय? तेवढंच, जेवढं मला होतं. ते दुधनीला राहायचे. शेत नव्हतं, भिक्षुकी शिकले नव्हते, शाळामास्तर नव्हते. आजीनं लोकांच्या घरी पोळ्या लाटून पोरं वाढवली. माझे वडील, म्हणजे तुझे पणजोबा, त्यांचं नाव काढायचे नाहीत. मी लहानपणी एकदाच विचारलं होतं, "बाबा, आजोबा काय करायचे?" तर ताटावरून वर न बघता म्हणाले, "बोलावणं नसताना लोकांच्या लग्नात जाऊन बसायचे." पोरांनी शाळेत बाबांना त्यावरून फार छळलं होतं, हे मला आईनं नंतर सांगितलं. आपल्या घरात सगळ्यांचे फोटो आहेत, आजोबांचा नाही, ते एवढ्यासाठी.

दीड वर्षापूर्वी नानांच्या समितीचा फॉर्म आला तेव्हा मी तो दाखवायला अण्णांना बोलावलं. अण्णा देवघराशेजारी बसले होते. देवापुढं एक तांब्याची वाटी आहे, तू बघितलीयस, मी त्यात फुलं ठेवते. पोटाला गोल, बुडाला बैठक नाही, त्यामुळं ती कलंडायची, म्हणून तिच्याखाली मी कापडाची चुंबळ ठेवते. आईनं मला लग्नात दिली होती. देताना म्हणाली, "हिला भोक आहे, कामाची नाही, पण सासूबाईंनी टाकू नको म्हणून सांगितलंय." तिच्या सासूबाई म्हणजे माझी आजी. मी सासरी आल्या आल्या कल्हईवाल्याकडून ते भोक बुजवून घेतलं. मला काय गं, वाटी म्हटल्यावर वाटी.

अण्णांनी ती वाटी उचलली. हातात फिरवली. विचारलं, "ही बसत का नाही?"

"बूडच नाही तिला, अण्णा. जुन्या लोकांनी अशीच केली असेल."

"जुने लोक वेडे नव्हते." त्यांनी भिंग काढलं. वाटी उपडी केली. नखानं खरवडलं. "हे काय आहे?"

"भोक होतं. बुजवलंय."

"झिजून पडलेलं भोक कडेला पडतं. हे बरोबर मध्यावर आहे."   मग म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं घंगाळ आहे?"

होतं. पाणी भरलं. अण्णांनी वाटी पाण्यावर सोडली. ती बदकासारखी तरंगत राहिली, गोल गोल फिरत. आम्ही दोघं बघतोय. ती आपली तरंगतेय.

"बुडायला पाहिजे होती," अण्णा म्हणाले. "बैठक नाही कारण ती जमिनीवर ठेवायची नाहीच. पाण्यावर सोडायची. भोकातनं पाणी वर येतं, वाटी भरते, बुडते. एकदा बुडाली की एक घटका झाली. चोवीस मिनिटं. लग्नात मुहूर्त साधायला घड्याळं येण्याआधी हेच होतं." आणि माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी दुधात मीठ टाकलंय. "वहिनी, तुम्ही घड्याळ बंद पाडलंत. चाळीस वर्षं बंद आहे."

मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. आमच्या यांना म्हटलं, बाहेरून काहीतरी आणा, माझे आजोबा सापडलेत.

पण अण्णांनी वहीत निळ्यानंच लिहिलं. मी म्हटलं, "अहो, वाटी हातात आहे की." तर म्हणाले, "वाटी तुमची आहे. आजोबांची असेल. आजोबा ती घेऊन बसायचे हे कुणी पाहिलंय?"

म्हणून आम्ही दुधनीला गेलो. मी, काकू आणि अण्णा, पॅसेंजरनं. ऐंशीच्या घरातला माणूस, पण खिडकीत बसून सगळा वेळ गुडघा हलवत होता, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा. चहावाल्याचे पणजोबा, समोर बसलेल्या बाईचे पणजोबा, सगळे विचारून झाले. दुधनीत घरोघर विचारत फिरलो. कुणालाच काही माहीत नाही. शेवटी एका वाण्यानं आम्हाला एका अज्जीकडं पाठवलं. नव्वदी उलटलेली, डोळ्यांनी अधू, पण पाठ ताठ. सून कानडीत म्हणाली, "बर्री, कूडरी," आणि आम्हाला घोंगडीवर बसवलं.

अण्णांनी वाटी तिच्या हातात दिली. तिनं ती चाचपली. बुडाच्या मध्यावर बोट नेलं, तिथं थांबली.

"भोक कुटं गेलं?" तिनं विचारलं.

 आम्ही कुणी भोकाचं काही बोललोच नव्हतो. अण्णांनी भिंग हातात घट्ट धरलं होतं, कारण नसताना.

"गळिगी अज्जाची बट्टलु हाय ही," अज्जी म्हणाली. घटका मोजणाऱ्या आजोबांची वाटी. "आमच्या आक्काच्या लग्नात बसला होता. सूर्य अर्धा वर आला की वाटी सोडायचा. बुडली की काढायचा, रिकामी करायचा, परत सोडायचा, आनि एक सुपारी हिकडनं तिकडं. आमी पोरं जवळ गेलो की बाया वरडायच्या, माताडब्याड, बोलू नका, अज्जा चुकंल. एकदा माझी फुगडी त्येच्या घंगाळाला लागली, पाणी हाललं, तर मला न्हाय बोलला. पहिल्यापास्नं परत विचार करत बसला, किती गेलं असंल म्हणून. घामानं भिजला होता."

मी विचारलं, "अज्जी, घड्याळं आल्यावर?"

"घड्याळं आल्यावर कोन बोलावतंय त्येला? पर यायचा. आपलंच घंगाळ घिऊन कोपऱ्यात बसायचा. लोक हसायचे. माझ्या लग्नात बी आला. माझ्या बापानं भिंतीवर घड्याळ लावलं हुतं नवं. भटजी म्हनला, वेळ झाली. बाप म्हनला, थांबा, अज्जाची वाटी बुडू दे. तिच्यावर अक्षता पडल्या माझ्या."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "आणि जेवायला बसायचे का हो ते? आमच्याकडं म्हणतात, जेवायला जायचे."

"हौदरी, व्हय, म्हनत हुते लोक तसं," अज्जी म्हणाली. "पर अज्जा कुटं जेवायचा? वाटी सोडून उठायचाच न्हाय. उठला तवर पंगती संपलेल्या. मग आमची आई पुडकं बांधून द्यायची. घरात पोरं हायत म्हनायचा."

घरात पोरं म्हणजे माझे वडील. ते पुडकं खाऊन मोठे झाले आणि त्याच लग्नांचं नाव घेताना ताटावरून मान वर करायचे नाहीत. मी परतीच्या गाडीत जवळजवळ काही बोलले नाही. आमच्या यांना काकूंनी सांगितलं तेव्हा ते विश्वासच ठेवेनात.

मग मी नानांना फोन केला. सगळं सांगितलं. नाना माझे लांबचे चुलतभाऊ, सभ्य माणूस, पण इंजिनिअर. म्हणाले, "ताई, भावना समजतात. पण नव्वद वर्षांच्या बाईंची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आणि ती वाटी, क्षमा कर, गळकी वाटीपण असू शकते." मी अण्णांना सांगितलं तेव्हा वाटलं ते चिडतील. ते खूश झाले. "नाना बरोबर बोलतायत. मीपण अजून निळंच ठेवलंय. गळकी वाटी कधीही बुडेल. घटकेची वाटी चोवीस मिनिटांतच बुडेल. वाटीलाच विचारायचं."

पण विचारायचं कसं? भोक तर बुजलेलं. कुणी सुई घालून टोचलं, दाभण घातलं, आणि केसाइतकं जरी मोठं झालं तर संपलं सगळं. मग ती कितीतरी लवकर बुडणार आणि नाना म्हणणार, बघा, गळकी. आजोबांच्या बाजूनं बोलणारी एकच वस्तू जगात उरली होती आणि ती आमच्याच हातून बिघडायची भीती. अण्णा आठ दिवस वाटी उशाशी घेऊन झोपले, काकू सांगत होत्या.

शेवटी आम्ही कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. ते आता कल्हई करत नाहीत, नातवाचं मोबाईल कव्हरांचं दुकान आहे, त्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसतात. आले, वाटी बघितली, चष्मा वर केला.

"भाबी, ये बंद किसने करा?"

"तुमच्या अब्बांनी. मी नवी नवरी होते तेव्हा."

"अब्बा ने?" त्यांनी वाटी जरा आदरानं धरली. "हौ, हात तो उन्हीच का है. भोत सफाई से करे." मग अण्णांच्या हातात दाभण दिसलं तसे ओरडलेच. "नक्को, नक्को. छेद कू हात नक्को लगाओ. आँच दिखाता मैं. तांबे से पहले कथील पिघलता. आपसेच बह जाता, किनार कू कुछ नहीं होता."

शेगडी पेटवली. चाचांनी सांडशीत वाटी धरून निखाऱ्यावर एकदा इकडून एकदा तिकडून फिरवली. अण्णा त्यांच्या खांद्यावरून वाकलेले. चाचा म्हणाले, "अण्णा, सांस तो लेने दो." मग एक चमकता थेंब आला, पाऱ्यासारखा, आणि राखेत टपकन पडला. चाचांनी कापसानं वाटी पुसली, उजेडाकडं धरली. मध्यावर एक भोक. टाचणीच्या डोक्याएवढं. इतकं गोल की मी त्यातून खिडकीतलं आभाळ बघितलं.

लगेच घंगाळ भरलं, वाटी सोडली, अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. आणि आम्ही बसलो. चाचांनी त्यांच्या अब्बांच्या गोष्टी काढल्या, मी दुधनीची गोष्ट चाचांना सांगितली, काकूंनी चहा आणला, कप कमी पडला, मी आत गेले, चाचांना विचारलं साखर किती. आणि अण्णा एकदम म्हणाले, "वाटी?"

वाटी तळाशी. कधी गेली कुणालाच माहीत नाही. चार माणसांच्या गप्पांत तिचा आवाज कुणी ऐकला नाही. अण्णा कपाळाला हात लावून बसले. मग हसायलाच लागले. "म्हणून माणूस लागायचा," म्हणाले. "वाटी सगळ्यांकडं असेल. बघत बसणारा माणूस सगळ्यांकडं नसतो." आणि बोट माझ्याकडं. "तुमच्या रक्तातलं काम आहे. तुम्ही बसा. बोलायचं नाही, उठायचं नाही, नजर हलवायची नाही. बुडाली की फक्त हात वर करायचा."

काकू दारातून म्हणाल्या, "चोवीस मिनिटं गप्प? अहो, ही झोपेतसुद्धा भाजीचा भाव विचारते."

अण्णांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत पिटाळलं. पंखा बंद केला. माझा मोबाईल नानांना व्हिडिओ दाखवण्यासाठी मी मुद्दाम उभा करून ठेवला होता, तो अण्णांनी बंदच करून टाकला. म्हणाले, मध्येच वाजला तर? मी तोंड उघडणार होते, पण तोपर्यंत वाटी सोडलेली होती.

पहिली काही मिनिटं काय सांगू, नाकाला खाज, पाठीला खाज, भाजीवाला नेमका तेव्हाच ओरडत गेला आणि मेथी स्वस्त होती. मग हळूहळू मला पाणी दिसायला लागलं. वाटीच्या मध्यातून ते वर येतं ना, बारीक देठासारखं येतं, आणि वर येऊन पसरतं. वाटीतलं पाणी चढतं तशी वाटी खाली जाते, पण इतकी हळू की डोळा तिला पकडू शकत नाही. मला ते कुणाला तरी सांगावंसं इतकं वाटलं, इतकं वाटलं, आणि सांगता येत नव्हतं. आणि आजोबांच्या भोवती तर अख्खं लग्न असायचं गं. सनई, पोरं, बुंदीचा वास, कोण कुणावर रुसलंय, आणि हा माणूस पाण्याकडं बघतोय. पोटात भूक आणि घरी पोरं. चार चार तास. मी चोवीस मिनिटांत घामानं भिजले.

शेवटी वाटीची कड पाण्याशी आली, क्षणभर थांबली, आणि आत पाणी शिरलं. छोटा आवाज झाला, बाळ दूध गिळतं तसा. मी हात वर केला.

अण्णांनी घड्याळ बघितलं, मग भिंगानं बघितलं, मग चाचांना दाखवलं. चोवीस मिनिटांना बारा सेकंद कमी. चाचा म्हणाले, "ये गळकी नहीं. ये तो बनाने वाले ने गिन के बनाई है." अण्णांनी आणखी तीनदा मला बसवलं. एकदा दहा सेकंद कमी, एकदा पंधरा, एकदा बरोबर. मग त्यांनी वही उघडली, पेन्सिल फिरवली आणि लाल टोकानं लिहिलं. आणि काय केलं माहिताय? त्याच्याखाली निळ्यानं आणखी एक ओळ लिहिली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "बोलावणं नसताना गेले, हेपण लिहायला पाहिजे. तुमच्या वडिलांना ते सोसावं लागलं. नुसतं चांगलं तेवढं लिहिलं तर तुमच्या वडिलांवर अन्याय होईल." मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे.

दिवाळीनंतर मुलीनं त्यांना हुबळीला नेलं. दोघांना आता एकटं राहणं जमत नव्हतं. वह्या घेऊन गेले, समोरच्या घराला कुलूप. दर रविवारी फोन करतात, आणि कसे आहात वगैरे काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "नानांनी लिहिलं का?" मी दर रविवारी सांगते, नाही. परवाच्या रविवारी तुझं पान आलेलं होतं, 'काही नाही' असं लिहिलेलं, आणि मी त्यांना तेही सांगू शकले नाही. खोटंच म्हटलं, अजून पान यायचंय. त्या माणसाशी मी पहिल्यांदा खोटं बोलले.

तर पुरावा मागतेस ना? व्हिडिओ अण्णांनी बंद केला, साक्षीला चाचा आहेत, मी आहे, आणि वाटी आहे. कागद नाही. म्हणून तूच ये. पुस्तक छापायला जायला अजून महिना आहे म्हणालीस, तेवढ्यात एखादा शनिवार-रविवार काढ. नानांनाही आण, त्यांचं घड्याळ चांगलं असेल. त्यांनी स्वतः बघावं, आणि मग त्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनीच ठरवावं. लग्नात घटका मोजायचे, एवढं लिहा, आणि खाली दुसरी ओळपण लिहा, मला चालेल.

आणि हे बघ, मी हल्ली रोज दुपारी एकदा वाटी सोडून बसते. सवय मोडू नये म्हणून. यांना वाटतं मला काहीतरी झालंय. तेव्हा दुपारी आलीस तर बेल वाजवू नकोस, दार नुसतं लोटलेलं असतं. आत ये, चपला काढ, माझ्याशेजारी बस आणि मी वर बघितलं नाही म्हणून रुसू नकोस. वाटी बुडाली की चहा करते. लवकर ये.